‘दोनदा पैसे घेतले, लॅपटॉप होता तसाच’ : राजारामपुरीतल्या दुकानाकडून उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमच्या रिव्ह्यूतलं म्हणणं थोडक्यात असं. चालता चालता निळी स्क्रीन येऊन लॅपटॉप बंद पडत होता. आम्ही आधी ७०० रुपये घेऊन विंडोज टाकलं, आठ दिवसांनी ११०० घेऊन पंखा साफ केला, तरी १९ तारखेला रात्री, जीएसटी रिटर्नच्या आदल्या दिवशी, तो पुन्हा बसला. दुसऱ्या दुकानात एक रॅम (चालू कामाचा डेटा धरून ठेवणारी मेमरी) बदलली आणि दहा मिनिटांत विषय संपला. डेस्कटॉपवरचे फोटोही गेले. आणि गिऱ्हाईक परत यावं म्हणून आम्ही बिघाड मुद्दाम ठेवला.

हे शेवटचं वाक्य सोडलं तर बाकी सगळं खरं आहे.

जॉबशीट काढून बघितली. तक्रारीच्या रकान्यात आमच्या पोरानं फक्त ‘बंद पडतो’ एवढंच लिहिलंय. तुम्ही काउंटरवर मोबाइलमधले निळ्या स्क्रीनचे फोटो दाखवत होता हे त्याला आठवतंय. दुकानात गर्दी होती, ‘विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणून त्यानं लॅपटॉप आत घेतला. त्याला बोल लावत नाही. उभ्या उभ्या निदान सांगायची सवय त्याला माझ्याकडूनच लागली आहे.

तेच तीन फोटो तुम्ही आता इथे टाकलेत आणि मी पहिल्यांदा नीट बघितले. निळ्या स्क्रीनवर खाली स्टॉप कोड, म्हणजे बिघाडाचं नाव, येतो (विंडोज ११ मध्ये आता ती स्क्रीन काळी केली आहे, कोड तसाच येतो). तुमच्या पहिल्या फोटोत ‘मेमरी मॅनेजमेंट’, दुसऱ्यात ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, तिसऱ्यात ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’. एखादा ड्रायव्हर (लॅपटॉपचा एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम) बिघडला असेल तर बहुतेक वेळा तोच कोड आणि त्याच फाइलचं नाव परत परत येतं. दर खेपेला कोड वेगळा दिसला की पहिला संशय रॅमवर घ्यायचा. रॅममधल्या खराब जागेत कधी काय येऊन बसेल याचा नेम नसतो, आज एखाद्या ड्रायव्हरचा डेटा, उद्या विंडोजचा स्वतःचा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. फोटो बघितलेच नाहीत.

त्याहून वाईट गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती मीच सांगतो. अशा प्रत्येक क्रॅशची नोंद विंडोजच्या ‘मिनीडंप’ फोल्डरमध्ये पडत असते. आम्ही फॉरमॅट मारला तेव्हा ती नोंदच गेली. पंचनाम्याआधी फरशी पुसून घेतली म्हणा ना.

दुसऱ्या वेळी तुम्ही ‘गरम होतो’ म्हणालात आणि आम्ही तो शब्द धरून बसलो. पंख्यात धूळ होती, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली होती, काम खोटं केलेलं नाही. पण अति गरम झालेला लॅपटॉप आधी मंदावतो आणि मग फटकन बंद होतो, त्यात निळी स्क्रीन सहसा येत नाही. तुमच्याकडे ती येत होती.

रॅम तपासलीच नाही असं मात्र नाही. विंडोजमधली मेमरीची चाचणी लावली होती, वीसेक मिनिटांत ‘दोष नाही’ आलं. ती नुसती चालू करून सोडली की ‘स्टँडर्ड’ प्रकारानं दोनच फेऱ्या मारते, ‘एक्स्टेंडेड’ हवी तर एफ१ दाबून निवडावी लागते. शिवाय आमच्या टेबलावर खालचं कव्हर काढून, पंख्याखाली लॅपटॉप गार होता. तुमच्याकडे तो चार-चार तास टॅली आणि ब्राउझर उघडे ठेवून चालतो. काही रॅम तापल्यावरच चुका करायला लागतात. मेमटेस्ट८६ या रॅम तपासायच्या वेगळ्या प्रोग्रॅमच्या चार फेऱ्या रात्रभर लावायला हव्या होत्या. १६ जीबीला कित्येक तास जातात, म्हणून टाळलं. तुमच्या लॅपटॉपला ८ जीबी बोर्डावरच पक्की आहे आणि ८ जीबीची स्टिक, म्हणजे काढता येणारी रॅमची पट्टी, नंतर बसवलेली. ती काढून दोन दिवस चालवून बघा, एवढं सांगितलं असतं तरी तुमची १९ तारीख वाचली असती. त्या दुसऱ्या दुकानदारानं बरोबर ठिकाणी हात घातला, त्याचं श्रेय त्याला.

डेस्कटॉपवरून गेलेल्या फोटोंच्या बाबतीत थोडा अडून बसतो. ‘डी ड्राइव्ह ठेवा, सी पुसलं तरी चालेल’ यावर तुमची सही आहे. पण डेस्कटॉप सी ड्राइव्हवरच असतो, हे रोज शंभर लोकांना सांगणाऱ्या माणसानं तुम्हालाही विचारायला हवं होतं. सही माझ्या बाजूनं असली तरी मी गप्प आहे. आधी एक करा, लॅपटॉपवरच्या त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यानं ब्राउझरमधून वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) उघडा. पुष्कळ लॅपटॉपवर डेस्कटॉपची नक्कल तिथे आपोआप जात असते, मालकाला पत्ताही नसतो. तिथे नसतील तर, लॅपटॉपमध्ये एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी डिस्क) असल्यामुळे, फॉरमॅटनंतर इतके दिवस वापरल्यावर परत मिळायची आशा फार कमी. कोणी ‘शंभर टक्के काढून देतो’ म्हणत आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका. आम्ही मागितले तरी.

काढलेली रॅम टाकून दिली नसेल तर तिच्यावरचा स्टिकर बघा. बऱ्याच ब्रँडेड रॅमला अनेक वर्षांची वॉरंटी असते. बिल सापडत असेल तर जिथून घेतली तिथे दाखवा.

१८०० रुपये पूर्ण परत. पंख्याचं काम झालंय हे खरं, पण तुम्ही पंख्यासाठी आला नव्हता. दुकानात यायचा कंटाळा असेल तर जॉबशीटवरच्या नंबरला यूपीआय आयडी पाठवा, आज दुकान बंद करायच्या आत टाकतो. रिव्ह्यू काढायची गरज नाही.

फक्त ते ‘मुद्दाम’ जमलं तर बदला. आळस म्हणा, चालेल.