माझे सांगाडे कोणत्या नियमात बसतात?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या कथाखेळात माझं पात्र एक जादूगार आहे, विझर्ड. तो मढी उठवतो. हा धंदा त्यानं २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकमधून, म्हणजे खेळाडूंच्या नियमपुस्तकातून, रीतसर घेतलेला आहे. तेव्हा विझर्डला जादूच्या आठ शाखा होत्या. कोणतीही घ्या, कुणी हरकत घेत नसे. मग २०२४ चं सुधारित हँडबुक आलं. क्लास म्हणजे पात्राचा पेशा, सबक्लास म्हणजे त्यातली शाखा. एकूण सबक्लास ४० वरून ४८ झाले, प्रत्येक क्लासला चार-चार. सगळ्यांचं भलं झालं. फक्त क्लेरिक, म्हणजे देवाचे पुजारी, सातावरून चारावर आले आणि विझर्ड आठावरून चारावर. त्या चारांत माझा मढी उठवणारा नेक्रोमॅन्सर नाही.

प्रकाशक म्हणतात, घाबरू नका, जुनं नव्यात चालतं. चालतं ना. लंगडत चालतं.

माझा विझर्ड हाफ-एल्फ आहे, म्हणजे अर्धा माणूस, अर्धा एल्फ. तोही नव्या हँडबुकात नाही. जुन्या पुस्तकातला वंश घेता येतो, पण त्यातून मिळणारे क्षमतांचे वाढीव गुण विसरायचे. ते आता बॅकग्राउंडकडून मिळतात. म्हणजे आईबापांनी काय दिलं ते सांगू नका, आधी काय उद्योग केलात तेवढं बोला. हे मला पटलंसुद्धा. पण पुढचं ऐका. जुना नेक्रोमॅन्सर आपल्या शाखेचे मंत्र निम्म्या खर्चात वहीत उतरवून घेतो. शेजारी बसलेल्या २०२४ च्या इव्होकरला, म्हणजे आगी-विजांचे मंत्र टाकणाऱ्या विझर्डला, त्याच्या शाखेचे दोन मंत्र फुकट! लेव्हल तीच, टेबल तेच, आणि तो माझ्याकडे बघून हसतो.

शिवाय आता सगळ्यांनाच सबक्लास तिसऱ्या लेव्हलला मिळतो. माझा पूर्वी दुसऱ्यालाच सुरू होत असे, तेव्हा मी एक लेव्हल थांबलो. वॉरलॉक, म्हणजे एखाद्या बड्या शक्तीशी करार करून जादू मिळवणारा, त्याची अवस्था याहून वाईट. करार पहिल्या लेव्हलला झालाय, शक्ती वापरणं चालू आहे, पण समोरची पार्टी सैतान की आणखी कुणी, हे तिसऱ्या लेव्हलला ठरणार. कोऱ्या कागदावर अंगठा उठवून सावकार कोण हे नंतर विचारण्यातला प्रकार.

तेव्हा जुने पर्याय नव्या नियमांसाठी पुन्हा छापा, अशी मागणी करणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे होतो. अजूनही आहे. पण पुन्हा छापणं म्हणजे काय, हे जरा शांतपणे बघितलं की घशाला कोरड पडते.

माझं सगळं वैभव सहाव्या लेव्हलला मिळणाऱ्या एका कलमात आहे. मढी उठवण्याचा मंत्र टाकला की एक मढं जास्तीचं उठतं, आणि उठलेल्या प्रत्येकाला माझ्या लेव्हलइतके हिट पॉइंट, म्हणजे जीव किती उरला ते मोजणारे गुण, वाढवून मिळतात. ही मंडळी लढाईत उतरली की प्रत्येकाचा बाण वेगळा, प्रत्येकाचा फासा वेगळा. माझी पाळी संपेपर्यंत रागाच्या जोरावर लढणाऱ्या बार्बेरियनचा राग शांत होतो. सुधारणा करायला बसलेला कुठलाही शहाणा डिझायनर पहिली कात्री इथंच लावेल. उरेल एकच सांगाडा, शिस्तीचा, नेमून दिलेल्या कामापुरता. मला नेक्रोमॅन्सर नवा हवाय, पण जुन्यातला एक दातही न काढता. बाकीच्यांनाही त्यांचा-त्यांचा असाच हवाय.

ऑगस्ट २०२४ मध्ये याचं जाहीर प्रात्यक्षिकच झालं. ऑनलाइन कॅरेक्टर शीटवरचे, म्हणजे पात्राच्या माहितीपत्रकावरचे, जुने मंत्र बदलून तिथं नवे येणार, असं प्रकाशक कंपनीनं सांगितलं. इतका गदारोळ उठला की काही दिवसांतच माघार घ्यावी लागली. गंमत म्हणजे नवं कधी देता म्हणून ओरडणारे आणि जुन्याला हात लावू नका म्हणून ओरडणारे बरेचसे तेच होते. मी तर होतोच.

पैशांचा मुद्दा आहेच. जादूची यंत्रं बनवणारा आर्टिफिसर हा क्लास २०१९ मध्ये एका पुस्तकात आला, २०२० मध्ये दुसऱ्यात, आणि नव्या नियमांसाठी २०२५ मध्ये तिसऱ्यात. जुन्या खेळाडूंना याचं नवल नाही. २००० ची तिसरी आवृत्ती घेऊन बसलेल्यांना २००३ मध्ये साडेतिसरी घ्यावी लागली होती. पाथफाइंडर या दुसऱ्या तशाच खेळानं २०२३ पासून रीमास्टर, म्हणजे सुधारित पुस्तकं, काढली, पण त्यामागे लायसन्सचं भांडण होतं, आणि त्यात जादूच्या शाखाच रद्द झाल्या. तिथं माझ्या विझर्डला तक्रार करायलाही खिडकी नाही.

माझ्या मते जिथं सांधा खरोखर निखळलाय तेवढंच पुन्हा छापावं: ज्यांची कलमं नव्या क्लासच्या लेव्हलांशी जुळत नाहीत ते, आणि ज्यांच्या जुन्या सवलती आता हास्यास्पद झाल्यात ते. बाकीच्यांना प्रत्येकी अर्धं पान पुरे, आणि ते फुकट द्यावं. ‘हे कलम अमुक लेव्हलला घ्या, ते सोडा’ एवढं सांगायला जाड पुठ्ठा आणि रंगीत ड्रॅगन लागत नाही.

आमच्या डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, या अर्ध्या पानाची वाट पाहिली नाही. सत्राच्या आधी त्यानं मला बाजूला घेतलं.

“दोन मंत्र फुकट घे,” तो म्हणाला, “पण सगळे सांगाडे मिळून एकच फासा.”

“दोन फासे.”

“एक. आणि त्यांना नावं द्यायची नाहीत.”

“दिलीत आधीच.”

त्यानं डोळे मिटले, मान हलवली, आणि आम्ही टेबलाकडे वळलो. तिथं गाण्यातून जादू करणारा आमचा बार्ड उभा होता. हातात २०१७ चं पुस्तक, कॉलेज ऑफ सोर्ड्स या जुन्या सबक्लासच्या पानावर बोट, आणि चेहरा अगदी निरागस.