आधी ब्रोच उलटा करा

स्कॉटलंडच्या जुन्या चांदीच्या दागिन्यांवरचा एक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय. त्याचं म्हणणं असं: यातले सगळे खडे तिथल्याच डोंगरातले, फॅशन राणी व्हिक्टोरियाने सुरू केली, चांदीच्या शुद्धतेची छाप (हॉलमार्क) नसेल तर माल खोटा आणि खडा गालाला थंड लागला की तो अस्सल स्कॉटिश.

शेवटचं आधी उरकू. गारगोटी थंडच लागते, ब्राझीलची असो की सिन्नरची. गाल काही पासपोर्ट तपासत नाही.

आता खडे. तिथे माँट्रोझजवळ आणि आयरशरमध्ये अकीक मिळतो, हे खरं. जुन्या लाव्ह्याच्या पोकळ्यांत तो तयार झाला, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात होतो तसाच. केर्नगॉर्म डोंगरांतला धुरकट स्फटिकही खराच. पण मागणी वाढली तेव्हा हे पुरेना. ब्राझीलचा अकीक जर्मनीत ईदार-ओबरश्टाइनला कापला, रंगवला जायचा आणि तिथून स्कॉटलंडच्या सोनारांकडेही यायचा. ‘केर्नगॉर्म’ म्हणून खपलेले कित्येक पिवळे खडे म्हणजे तापवून पिवळा केलेला ब्राझीलचा जांभळा स्फटिक. आणि हा उद्योग दीडशे वर्षांपूर्वीचा, आजच्या दुकानदारांचा नव्हे.

म्हणून खड्याचं गाव शोधत बसण्यापेक्षा काम बघावं. माझ्याकडे लिंबाच्या चकतीएवढा एक ब्रोच आहे. मधे पिवळा खडा, भोवती लाल जास्पर, हिरवा ब्लडस्टोन आणि करड्या पट्ट्यांचा अकीक यांच्या पाकळ्या. कापणी इतकी नेमकी, की खड्यावरून चांदीवर नख फिरवलं तर कुठे अडत नाही. एका पाकळीचा टवका उडालाय. तिथे भिंगातून काळपट लाख दिसते आणि तिच्याखाली पाटीचा दगड. पातळ खड्याला पाटीचा आधार देऊन लाखेने बसवायची ही तिथली रीत. असला दागिना गरम पाण्यात बुडवू नये. कोल्हापुरी साज वापरणाऱ्यांना लाखेची तब्येत वेगळी सांगायला नको.

व्हिक्टोरियाने 1848 मध्ये स्कॉटलंडमधला बाल्मोरल वाडा भाड्याने घेतला आणि ही हौस फोफावली, मान्य. पण 1822 मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला आणि कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने त्याच्या स्वागताला शहरभर टार्टन, म्हणजे तिथलं चौकड्यांचं लोकरी कापड, मिरवलं, तेव्हा ही बाई 3 वर्षांची होती. खांद्यावर प्लेड, म्हणजे लोकरी उपरणं, अडकवायचे ब्रोच तर हायलँडमध्ये, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, त्याच्याही कितीतरी आधीचे.

छापेचा दावा मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण त्यापायी चांगल्या वस्तू कवडीमोलाने जातात. 19व्या शतकातले असे पुष्कळ ब्रोच बिनछापेचेच असतात. लहानसहान दागिन्यांना तशी सूटच होती. छाप असली तरी वाचता यायला हवी. एडिंबराची खूण किल्ल्याची. नांगर दिसला, तर तपासणी बर्मिंगहॅमची. ‘स्कॉटिश’ दागिने तिथेही भरपूर बनत. त्यापेक्षा पिन बघा. जुन्या ब्रोचला साधा वळवलेला आकडा असतो आणि पिनचं टोक बऱ्याचदा कडेबाहेर येतं. फिरकीचा आकडा असेल, तर ब्रोच 20व्या शतकातला किंवा पिन मागाहून बदललेली.

माझ्या ब्रोचवर एकही छाप नाही. पिन मात्र गव्हाच्या दाण्याएवढी बाहेर डोकावते, आणि तिने माझी एक इरकल आधीच ओढलीय.