धूळ आहे हे आधी सिद्ध करा म्हणे!

काल संध्याकाळी मेल आला. आमच्या संस्थेचा निधीसाठीचा अर्ज बाद. कारण काय, तर "प्रकल्प क्षेत्रातील हवेच्या गुणवत्तेची आधारभूत आकडेवारी जोडलेली नसल्याने गरज सिद्ध होत नाही."

अहो, ती आकडेवारी गोळा करायलाच तर पैसे मागितले होते ना! वाड्यावर हवेतली धूळ मोजणारे तीन मापक बसवायचेत, असं अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात आहे. म्हणजे धूळ मोजायला पैसे हवेत आणि पैसे मिळायला धूळ आधी मोजलेली हवी. हे ज्याच्या सुपीक डोक्यातून निघालं त्याला एकदा इथे गोव्यात, खाणींच्या डिचोलीत आणा. आमच्या पडवीत बसवा, चहा द्या आणि खनिजाचे ट्रक सुरू झाले की कप उघडाच ठेवा. वर साय कुठली आणि माती कुठली, हे त्याने ओळखून दाखवावं. ही घ्या आधारभूत आकडेवारी. आणि मेलच्या शेवटी काय? "तुमच्या पुढील प्रवासासाठी शुभेच्छा!" कुठल्या प्रवासाला? बांबोळीच्या सरकारी इस्पितळात, १०८ च्या रुग्णवाहिकेतून? पुढे पिवळा हसरा चेहरा. खरं सांगतो, नकारापेक्षा त्या चेहऱ्यानेच डोकं जास्त फिरलं.

तो फॉर्म बघितलाय कुणी? तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब, करसवलतीची बारा-ए आणि एटी-जी प्रमाणपत्रं, संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलवरचा नंबर, कंपन्यांचा सामाजिक निधी घेण्यासाठीची सीएसआर-1 नोंदणी. सगळं दोन एमबीच्या आत. आमचा खजिनदार कंडक्टर, दिवसभर बसमध्ये "फुडें वच, फुडें वच" ओरडतो, त्याने 'थिअरी ऑफ चेंज', म्हणजे कामातून बदल कसा घडणार याची मांडणी, कुठून आणायची? आउटपुट आणि आउटकम यांतला फरक म्हणे 200 शब्दांत लिहा. आणि ते 'स्टेकहोल्डर', म्हणजे हितसंबंधी! हा शब्द कानावर पडला की माझं बीपी वर जातं. आम्ही स्टेकहोल्डर नाही हो, आम्ही तिथे राहतो.

केंद्राचं तर बोलूच नका. 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला. त्यात 131 शहरं, गोव्याचं एकही नाही. गोवा म्हणजे समुद्राचा वारा, नाही का! वास्कोतल्या बायकांना विचारा, खिडकीवरची काळी पूड कुठल्या वाऱ्याने आणली. त्यांच्याकडे बंदरातल्या कोळशाची काळी, आमच्याकडे खनिजाची लाल. पणजीत स्मार्ट सिटीच्या खोदकामाची धूळ बघायला 2024 मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती स्वतः रस्त्यावर उतरले होते. आमच्याकडे कोण उतरणार, तलाठी?

आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान. 2015 च्या कायद्याने आलेलं, खाणग्रस्तांसाठीच. नियमावलीत प्रदूषण नियंत्रण अग्रक्रमाच्या कामांत आहे. वाचून छाती भरून येते. धुळीने.

आता लगेच कुणीतरी विचारेल, मग खाणी बंदच करायच्या का? नका विचारू. माझ्याच मामाचा ट्रक आहे. 2012 मध्ये खाणी थांबल्या तेव्हा तो अंगणात गंजत होता, हप्ते थांबले नव्हते. मोठं काही नाही मागितलं आम्ही. ताडपत्री नीट बांधा, रस्त्यावर पाणी मारा आणि हवा मोजू द्या. एवढंच.

पण माझंही जरा अतीच झालंय म्हणा. परवा मासळीवालीला मी पीएम-10, म्हणजे हवेतले बारीक धूलिकण, समजावत होतो. वर्षाची सरासरी 60 मायक्रोग्रॅमच्या आत हवी, जागतिक आरोग्य संघटना तर 15 म्हणते वगैरे. ती म्हणाली, "बाबा, बांगडे घेता काय ना?" घरात मी फ्रिजवरून बोट फिरवतो आणि वहीत तारीख घालून लिहितो, 'आज: भयंकर'. बायको म्हणते, लिहिण्यापेक्षा पुसलंस तर बरं. त्यात आम्ही मागितलेले ते स्वस्तातले लेझरचे मापक पावसाळ्यातल्या दमट हवेत जास्तच आकडा दाखवतात, म्हणजे मिळाले असते तरी जुलैत कुणीतरी तेच तोंडावर फेकलं असतं.

बरं, त्याच लोकांनी आता नवे अर्ज मागवलेत. खजिनदाराला फोन केला, तर तो म्हणतो वहीची पानं स्कॅन करून आधारभूत आकडेवारी म्हणून जोडूया. मी हो म्हटलंय. फक्त 'भयंकर'ला एकक काय लावायचं, ते ठरत नाहीये.