नेपाळचे ८३,००० मेगावॉट आणि माघातली नदी

पावसाळा लागला की आमच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास उगवतो. गोषवारा असा: नेपाळकडे ८३,००० मेगावॉट जलविद्युत आहे, ब्राझीलखालोखाल जगात दुसरा नंबर. तरी देश अंधारात, कारण नेते नालायक आणि लोक आळशी. एवढ्याशा भूतानने वीज विकून पैसा केला. नेपाळनेही प्रत्येक नदीवर धरण बांधावं, वीज भारताला विकावी, दहा वर्षांत कुवेत होईल.

मी स्वतः जलविद्युतीच्या बाजूचाच आहे. म्हणून तर हे वाचून जास्त चिडचिड होते.

८३,००० मेगावॉट, जगात दुसरा

हा आकडा १९६६ सालचा. हरिमान श्रेष्ठ या नेपाळी अभियंत्याने सोव्हिएत संघात पीएचडी करताना तो काढला. नद्यांचा सरासरी प्रवाह घ्या, त्या किती उंचीवरून उतरतात ते बघा आणि प्रत्येक थेंब टर्बाइनमधून गेला असं धरा. मग ८३,००० येतात. मोहोर बघून आंब्याच्या पेट्या मोजण्यातला प्रकार. श्रेष्ठांचा यात काही दोष नाही, त्यांनी सैद्धांतिक क्षमताच मोजली होती. परवडेल अशी क्षमता पुढे ४२,००० च्या आसपास धरली गेली, म्हणजे निम्मी. पण फॉरवर्डला निम्मं चालत नाही.

दुसऱ्या नंबराचं म्हणाल तर लांब जायला नको. भारताची जलविद्युत क्षमताच सुमारे १,४५,००० मेगावॉट मानली जाते. चीनची तर त्याच्याही कितीतरी पुढे.

‘देश अंधारात’

होता. २००८-०९ च्या हिवाळ्यात काठमांडूत दिवसाला सोळा-सोळा तास वीज जायची. शहराचे सात गट पाडलेले, प्रत्येकाचं वेगळं वेळापत्रक. आपला गट कुठला आणि आज पाणी कधी चढवायचं, हे घरातल्या पोराटोरांनाही पाठ असायचं. २०१६ मध्ये कुलमान घिसिङ वीज प्राधिकरणाचे प्रमुख झाले आणि त्या वर्षी काठमांडूची दिवाळी उजेडात गेली. त्यासाठी रातोरात नवी वीजकेंद्रं उभी राहिली नव्हती. काही कारखान्यांना चोवीस तास मिळणारी वीज आवरली आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या ढल्केबर-मुझफ्फरपूर वाहिनीवरून भारताची वीज घेतली. म्हणजे टंचाई खरी होती, पण निम्मं दुखणं वाटपाचं होतं. आता तिथली स्थापित क्षमता ३,००० मेगावॉटच्या वर गेली आहे आणि बहुतेक घरांत वीज पोचली आहे. मेसेज मात्र अजून २००८ मध्येच बसून आहे.

‘प्रत्येक नदीवर धरण’

खरी गोम इथे आहे. जलविद्युत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोयना येते. पावसाळ्यात १०५ टीएमसी पाणी साठवायचं, पुढे वर्षभर पुरवून वापरायचं आणि संध्याकाळी मागणी वाढली की यंत्रं सुरू करायची. नेपाळमधली बहुतेक केंद्रं अशी नाहीतच. नदीत एक बुटका बंधारा, पाणी बाजूला वळवायचं, गाळ खाली बसू द्यायचा (हिमालयातली रेती टर्बाइनची पाती अक्षरशः खरवडून काढते), मग डोंगरातून बोगदा, शेवटी उभ्या पाइपातून टर्बाइनवर आणि परत नदीत. साठा जवळपास शून्य. नदी देईल तेवढी वीज.

आणि नदी वर्षभर सारखं देत नाही. आषाढ-श्रावणात इतकं पाणी येतं की वीज घ्यायला गिऱ्हाईक कमी पडतं. माघात प्रवाह इतका आटतो की बरीच केंद्रं क्षमतेच्या तिसऱ्या हिश्शावर येतात, आणि नेमके तेव्हाच काठमांडूत हीटर लागलेले असतात. पावसाळ्यात वीज विकणारा देश हिवाळ्यात ती भारताकडून विकत घेतो, तो यामुळे. ऋतूंना पुरेल असा साठा करणारा मोठा जलाशय एकच, १९८२ पासून चालणारा कुलेखानी. त्याच्या खालची तिन्ही केंद्रं मिळून १०६ मेगावॉट.

हे निसर्गाने जेवढं केलं तेवढंच धोरणानेही. १९९२ मध्ये हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं झालं. पुढे प्राधिकरणाने अशा केंद्रांसाठी पावसाळ्यात युनिटला ४.८० आणि कोरड्या महिन्यांत ८.४० नेपाळी रुपये दर ठेवला. फरक ठीकच, पण तेवढ्यासाठी जलाशय बांधून गावं उठवण्याच्या भानगडीत कोण पडतो? सोपे ओढे आधी गेले. ज्यांना बांधायचंच नव्हतं त्यांनीही परवाने घेऊन ठेवले. तिकडे त्याला ‘झोलामा खोला’ म्हणतात, म्हणजे ओढा पिशवीत.

१,२०० मेगावॉटचा बुढीगण्डकी जलाशय बघा. २०१७ मध्ये चिनी कंपनीला दिला, त्याच वर्षी काढून घेतला, २०१८ मध्ये पुन्हा दिला, २०२२ मध्ये पुन्हा काढला. त्याच्या नावाने पेट्रोलवर लिटरमागे पाच रुपये मात्र लोक भरत राहिले. ‘नेते नालायक’ हे कलम इथे मी मुकाट मान्य करतो. पण धरण झालं असतं तरी हजारो घरं आणि खोऱ्यातली सपाट, कसदार जमीन पाण्याखाली जाणार होती. डोंगराळ देशात तेवढीच तर भातशेतीची जमीन असते. मुळशीकरांना हे वेगळं सांगायला नको.

‘लोक आळशी’

नेपाळचं पहिलं जलविद्युत केंद्र फर्पिङला १९११ मध्ये सुरू झालं. आपलं टाटांचं खोपोली १९१५ चं. आणि ४५६ मेगावॉटचं अप्पर तामाकोशी २०२१ मध्ये चालू झालं ते मुख्यतः देशातल्याच पैशावर: कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी, विमा, टेलिकॉम. दोलखा जिल्ह्यातल्या रहिवाशांसाठी दहा टक्के शेअर राखून ठेवले होते. मध्ये २०१५ चा भूकंप आला, व्याज धरून खर्च दुपटीच्या वर गेला, तरी पुरं केलं.

‘भूतानला जमलं’

भूतानची लोकसंख्या आठ लाखांच्या आत, नेपाळची २ कोटी ९१ लाख. तेवढ्याच विजेचा पैसा किती जणांत वाटायचा? शिवाय भूतानचा ३३६ मेगावॉटचा चुखा प्रकल्प भारताने ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज देऊन बांधून दिला. पुढच्या मांगदेछू प्रकल्पाला अनुदान ३० टक्क्यांवर आलं आणि उरलेलं कर्ज, दहा टक्के व्याजाने. पुनात्सांगछू-१ या तिथल्याच आणखी एका प्रकल्पाचं काम २००८ मध्ये सुरू झालं आणि तिथला डोंगरच सरकायला लागला. हिवाळ्यात भूतानही भारताकडून वीज घेतो, हे फॉरवर्डमध्ये कधी वाचलंय?

‘भारताला विका’

विकतात की. नोव्हेंबर २०२१ मध्ये भारताच्या वीजबाजारात पहिल्यांदा ३९ मेगावॉटची परवानगी मिळाली. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत १०,००० मेगावॉट घेण्याचा करार झाला. पण प्रकल्पात चिनी सहभाग असेल तर भारत ती वीज घेत नाही, मग कंपनी नेपाळी का असेना. बांगलादेशाला जाणारे ४० मेगावॉटही भारताच्याच तारांवरून, १५ जून ते १५ नोव्हेंबर एवढेच महिने. गिऱ्हाईक एकच, वाटही त्याचीच, आणि माल पावसाळ्यातला! कुवेतचं तेल टाकीत राहतं, नदी थांबत नाही. त्यापेक्षा तीच वीज घरच्या चुलीवर वापरणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. नेपाळची निम्म्याहून जास्त ऊर्जा अजून लाकूडफाटा, शेण यांतून येते आणि स्वयंपाकाचा गॅस भारतातून.

एक गोष्ट मेसेजात अजिबात नाही: वरचं बर्फ. ४ ऑगस्ट १९८५ ला एव्हरेस्टच्या पायथ्याकडच्या भागात दिग छो हे हिमसरोवर फुटलं आणि नामचे गावासाठी बांधलेलं, पुरं होत आलेलं जलविद्युत केंद्र वाहून गेलं. जुलै २०२५ मध्ये रसुवागढीला तिबेटच्या बाजूने लोंढा आला, सीमेवरचा पूल गेला आणि १११ मेगावॉटचा प्रकल्प बंद पडला. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये, दिग छोच्याच खोऱ्यात, वरची तळी फुटून थामे गावात घरं आणि शाळा चिखलात गेली.