रविवार, रात्री ११:५९

पुरवठा साखळी शिकवणाऱ्याची एक मोठी सोय असते: साखळी नेहमी दुसऱ्याची तुटते. कारखाना कुणाचा तरी, गोदाम कुणाचं तरी, आणि कालव्यात आडवं झालेलं जहाज तर आपलं नसतंच. आपण फळ्यावर चार चौकोन काढायचे, त्यांना बाण जोडायचे, 'इथे नेमकं काय बिघडलं?' असं विचारायचं आणि कुणी उत्तर देईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहायचं.

नव्या अभ्यासक्रमाने ही सोय काढून घेतली. आता प्रत्येक विद्यार्थ्याने दर आठवड्याला एक लेख लिहायचा: ताजी बातमी घ्यायची, वर्गात शिकलेली संकल्पना तिला लावायची, सामान्य माणसाला कळेल असं लिहायचं, आणि त्याला गुण. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करून दुसऱ्या दिवशी विसरण्यापेक्षा हे कितीतरी बरं, हे मी बैठकीत मान उंच करून बोलले होते आणि आजही बोलेन. फक्त एवढं सगळं वाचणार कोण, हा प्रश्न त्या बैठकीत कुणालाच पडला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, ते कौतुकाने असावं अशी माझी समजूत.

मुदत रविवारी रात्री ११:५९ची. सोमवार ते शनिवार एक चिटोरं येत नाही. रविवारी दुपारी दोन लेख येतात. ती दोन मुलं ठरलेली आहेत, आणि बाकीचा वर्ग त्यांच्याशी फारसं बोलत नाही. उरलेला अख्खा माल ११:४० नंतर. मग १२:०४ला पत्रं सुरू होतात: 'मॅडम, लेख केव्हाच तयार होता, पण नेट गेलं.' वेगवेगळ्या घरांतलं नेट बरोबर एकाच मिनिटाला जातं, यावर खरं तर कुणीतरी लेख लिहायला हवा.

लेखांची सुरुवात कशी असते, ते मी आता डोळे मिटून सांगू शकते. 'आजच्या जागतिकीकरणाच्या युगात पुरवठा साखळीचे महत्त्व अनन्यसाधारण आहे.' हे वाक्य माणसाने लिहिलं की यंत्राने, हे शोधण्याचा नाद मी सोडला. दोघांनाही तेच सुचतं. किमान शब्दमर्यादा ४००. लेख येतो ४०२ शब्दांचा. शेवटचे दोन शब्द: 'धन्यवाद मॅडम.'

पण खरी गंमत पुढेच. आमच्या विषयात 'बुलव्हिप इफेक्ट' म्हणून एक लाडका प्रकार आहे. दुकानात मागणी जराशी हलली की घाऊक व्यापारी थोडं जास्त मागवतो, वितरक त्याहून जास्त, आणि कारखान्यापर्यंत पोहोचेतो त्या जराशा हालचालीचा महापूर झालेला असतो. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला हा प्रकार आपल्या पॅम्पर्स डायपरच्या बाबतीत दिसला. बाळं आपलं काम वर्षभर साधारण एकाच वेगाने, निष्ठेने करत होती. मोठी माणसं मात्र ऑर्डरी देताना वर-खाली उड्या मारत होती. अमेरिकेतल्या एमआयटीत 'बिअर गेम' खेळतात: कुणी दुकानदार, कुणी वितरक, कुणी कारखाना होऊन बिअरच्या ऑर्डरी द्यायच्या. त्यात तर ग्राहकाची मागणी अख्ख्या खेळात एकदाच बदलते, आठवड्याला ४ पेट्यांवरून ८ वर. तेवढ्यावर शिकलेसवरलेले लोक गोदामं भरून टाकतात आणि एकमेकांकडे रागाने बघायला लागतात.

तर एका मुलीने 'एव्हर गिव्हन'वर सुंदर लेख लिहिला. २३ मार्च २०२१ला ते सुमारे ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझमध्ये आडवं रुतलं, २९ मार्चला निघालं, आणि मधल्या काळात शेकडो जहाजं खोळंबली. तिने रुतलेल्या जहाजापेक्षा रांगेतल्या जहाजांबद्दल लिहिलं होतं. मी वर्गात तिचा लेख वाचून दाखवला. वाचून दाखवला, एवढंच. पुढच्या रविवारी वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाचं जहाज सुएझमध्ये रुतलेलं होतं. जे आळशी होते त्यांचं पनामात.

यावर उपाय म्हणून मी रेशनिंग आणलं. एका विषयावर आठवड्याला फक्त पाच जणांनी लिहायचं, आधी नाव नोंदवायचं. संशोधक हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली बुलव्हिपची जी चार कारणं मांडली, त्यातलं एक हेच: टंचाई होणार असा नुसता वास आला की लोक गरजेपेक्षा जास्त मागणी नोंदवून ठेवतात. हे मी त्याच आठवड्यात शिकवलं होतं. मुलांनी ते नीट ऐकलं असावं, कारण संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने तीन-तीन विषयांवर नाव घातलं होतं, 'असू दे' म्हणून. यादीवरून पाहिलं तर सेमीकंडक्टर टंचाईवर लिहायला अख्खं कॉलेज उतावीळ होतं. रविवारी त्या विषयावर एक लेख आला. तोही जहाजावर होता.

लेख लवकर दिला तर अर्धा गुण जादा, अशी सवलतही जाहीर करून पाहिली. सवलतीत लोक काय करतात? साठा करतात. एका पठ्ठ्याने पुढच्या पाच आठवड्यांचे लेख एकाच दिवशी आणून टाकले आणि अडीच गुण मागितले. 'ताज्या बातमी'च्या जागी त्याने कंस सोडले होते, बातमी घडली की भरायला.

एकमेकांच्या लेखांवर अभिप्राय देण्यालाही गुण होते. तो बाजार मी बंद केला, कारण 'खूप छान लिहिलंस, विचार करायला लावलंस' याची जोड्या लावून देवाणघेवाण चालली होती, आणि एकाने असाच विचार करायला लावणारा अभिप्राय कोऱ्या फाईलवर दिला होता.

इकडे माझ्या टेबलावरचा ढीग वाढत होता. मुलं विचारत, 'मॅडम, मार्क कधी?' मी म्हणायची, 'प्रक्रियेत आहेत.' हा शब्द मी बंदरांच्या बातम्यांतून उचलला.

मग एका शांत मुलाचा लेख आला. मागच्या बाकावर बसतो, वर्षभर तोंड उघडलेलं मला आठवत नाही. विषय: आपल्याच वर्गाची पुरवठा साखळी. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेलं सूत्र त्याने घेतलं होतं: रांगेत पडलेला माल म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा काळ. 'आठवड्याला ६० लेख येतात. मॅडमच्या टेबलावर कधीही बघितलं तरी साधारण १८० असतात. म्हणजे प्रत्येक लेख सरासरी तीन आठवडे तिथे मुक्काम करतो. कच्चा माल वेळेवर, वाहतूक वेळेवर. अडथळा एकच केंद्र आहे, आणि त्या केंद्राला यंत्रसामग्री बदलून मिळण्याची शक्यता दिसत नाही.' भाषा साधी, आकडे बरोबर, जागतिकीकरणाचं युग कुठेच नाही. शब्द ५१३, 'धन्यवाद' नाही.

मी दोनदा वाचला. चूक शोधायचा प्रामाणिक प्रयत्न केला. 'यंत्रसामग्री'खाली लाल रेघ मारली, मग खोडली. शेवटी दहापैकी साडेनऊ दिले आणि शेरा लिहिला, 'निरीक्षण चांगले. थोडी सौजन्याची भाषा हवी.'

तो शेरा त्याच्यापर्यंत पोहोचला तीन आठवड्यांनी. त्याच रात्री त्याचं पत्र आलं, ११:५८ला: 'मॅडम, म्हणजे सूत्र बरोबर निघालं. उरलेला अर्धा मार्क द्यावा, ही विनंती.'