कूलर बंद करून बोलू या

भाऊ,

'पन्नास हजारांत घरचा स्टुडिओ' या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी आला, तिसऱ्यांदा वही घेऊन बसले. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही नागपूरच्या महाल भागात राहणारे जुने रेकॉर्डिस्ट, स्पूल टेपवर काम केलेले. तुमचं म्हणणं असं, की ३२ बिट फ्लोट (अगदी हळू ते अगदी मोठा आवाज एकाच फाइलमध्ये मावेल अशी रेकॉर्डिंगची पद्धत) हा दुकानदारांनी काढलेला मंत्र आहे. तबला-ढोलकीच्या लायब्रऱ्यांनी, म्हणजे कॉम्प्युटरवर वाजणाऱ्या तयार आवाजांच्या संग्रहांनी, वाजवणाऱ्यांचं पोट मारलं आणि वर गाण्यातला जीवही काढला. आणि ज्या गावात मार्चपासून जूनपर्यंत घरोघरी कूलर घरघरतो, तिथे 'अवघ्या ४ डेसिबल खरखरीच्या' माइकचं कौतुक सांगणं म्हणजे थट्टा आहे. शेवटी विचारलंत, "कमिशन किती मिळालं, ताई?"

कमिशन शून्य. सगळं पदरच्या पैशाने घेतलंय, इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र) तर हप्त्यांवर. पुढे जाऊ.

३२ बिटबद्दल मी लिहिलं होतं की "आता आवाज फाटण्याची भीती संपली". हे वाक्य चुकीचं होतं आणि ते मी लेखातून काढलंय. तुम्ही बरोबर पकडलंत: फाइल फाटत नाही, पण माइकची कॅप्सूल (आवाज पकडणारा पडदा) आणि आवाज वाढवणारा प्रीअ‍ॅम्प फाटू शकतातच, आणि तिथे फाटलेला आवाज कितीही बिटांनी शिवता येत नाही. दुसरी गफलत माझी जास्त मोठी. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये '३२ बिट फ्लोट' निवडलं की काम झालं, असा अर्थ माझ्या लेखातून निघत होता. तसं नसतं. खऱ्या फ्लोट यंत्रात आवाजाचे आकडे करणारे दोन कन्व्हर्टर असतात, एक हळू आवाजासाठी आणि एक मोठ्यासाठी, आणि दोघांचं काम जुळवून एकच फाइल बनते. साध्या इंटरफेसमध्ये कन्व्हर्टर एकच आणि तो २४ बिटांचा. त्याच्या दारातच आवाज कापला गेला, तर पुढे सॉफ्टवेअरने ती फाइल कोणत्याही पेटीत ठेवली तरी कापलेलं परत येत नाही.

आता तुमच्या बाजूने आणखी एक मुद्दा मीच देते. खोलीत बसून गाणाऱ्या एका माणसासाठी फ्लोटची गरज नाहीच. २४ बिटांची हळू ते मोठ्या आवाजाची पट्टी कागदावर १४४ डेसिबलची. चांगल्या इंटरफेसमध्ये प्रत्यक्षात ११० ते १२० मिळते, आणि आपल्या खोलीतला गोंगाट त्याच्या पुष्कळ आधीच वर आलेला असतो. गायकाचा सगळ्यात मोठा स्वर मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवला, की झालं. हे तुम्ही आवाजाची पातळी दाखवणाऱ्या व्हीयू मीटरच्या काट्यावर वर्षानुवर्षं केलंत. फोकसराइटच्या २०२३च्या चौथ्या पिढीतला टू-आय-टू इंटरफेस तेच काम स्वतः करतो: काही सेकंद ऐकून गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) लावतो, आणि काटा वर जायला लागला की गेन खाली ओढतो. नवशिक्याला हे पुरतं.

पण मंत्र म्हणाल तर मी भांडेन. भजनी मंडळ देवळात बसलंय, बारा माणसं, मध्येच टाळांचा कल्लोळ, मग एकदम एकट्याचा अभंग. किंवा वडसा-देसाईगंजकडच्या झाडीपट्टी नाटकाच्या मंडपात तुम्ही बाजूला उभे, आणि नट पहिल्या प्रवेशात कुजबुजतो नि दुसऱ्यात किंचाळतो. अशा जागी झूमचा २०२२चा एफ-३ हा फ्लोट रेकॉर्डर घेऊन गेले तेव्हा त्यावर गेनचं बटणच नव्हतं. द्यायचीच गरज नाही म्हणून दिलेलं नाही. दोन माइक लावले, लाल बटण दाबलं आणि मंडपातल्यांसोबत चहा प्यायले. घरी आल्यावर कुजबुज वर आणली, किंकाळी खाली आणली, दोन्ही साफ. घरात नको, पण घराबाहेर पडणाऱ्याला ते यंत्र हवं, असं मी लेखात वेगळं करून लिहायला हवं होतं.

आणि हो, रोड कंपनीचा एनटी-१ पाचव्या पिढीचा माइक मी यादीत टाकला आणि त्याच्याच खाली इंटरफेसही टाकला. त्या माइकला यूएसबीचं तोंड आहे, इंटरफेस त्याच्या पोटातच आहे. एकटा गाणारा असेल तर इंटरफेसचे पैसे वाचवावेत. मात्र तबल्यावर दोन माइक लावायचे असतील तर दोन यूएसबी माइक एका कॉम्प्युटरला एकत्र जोडायच्या भानगडीत पडू नये, दोघांची घड्याळं वेगवेगळी चालतात. तिथे इंटरफेसच बरा. लायब्रऱ्या चालवणाऱ्या कॉन्टॅक्ट या सॉफ्टवेअरच्या बाबतीतही एक गोष्ट राहून गेली होती. फुकटचा प्लेअर सगळ्या लायब्रऱ्या चालवत नाही. पुष्कळ लायब्रऱ्यांना पूर्ण कॉन्टॅक्ट लागतं, नाहीतर पंधरा मिनिटांनी आवाज बंद. या एका ओळीअभावी दोघांचे पैसे अडकले, त्यांनी मला मेलवर झापलंय.

आता तबला.

इथे तुम्ही माझ्यावर रागावलात ते समजतं. हिशेब मांडते. मागच्या वर्षी माझ्या मागच्या खोलीत २२ गाणी झाली. त्यातल्या १३ गाण्यांत तालवाद्यं लायब्ररीतली होती. म्हणजे तेरा वेळा कोणा तबलजीचा, कोणा ढोलकीवाल्याचा फोन वाजला नाही. हे मी पहिल्यांदाच मोजलं, तुमच्यामुळे.

त्या तेरांतली आठ भीमगीतं होती. दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवस नागपुरात काय असतात ते तुम्हाला मी सांगायचं नाही. दीक्षाभूमीवर लोक यायला लागतात आणि प्रत्येक वस्तीतल्या गायकाला दसऱ्याच्या आत आपलं गाणं बाहेर हवं असतं. एक मुलगा ऑटो चालवतो, गळा असा की अंगावर काटा यावा. खिशात तीन हजार. रात्री नऊला आला, म्हणाला परवा टाकायचंय. ढोलकी, बेंजो, ऑक्टोपॅड, कोरस, कोणाला बोलावू? लायब्ररी नसती तर ते गाणं झालंच नसतं, ढोलकीवाल्याला तरीही काही मिळालं नसतं. या आठ गाण्यांबद्दल मला अपराधी वाटत नाही.

उरलेल्या पाचांबद्दल वाटतं. तिथे पैसे होते, वेळ होता, मी आळस केला.

आणि गाण्यातला जीव गेला, या तुमच्या तक्रारीचं कारण मला बहुतेक सापडलंय, तुम्ही नुसतं "मेलेलं वाटतं" म्हणून सोडून दिलंत. लायब्ररीला काय वाजवायचं ते सांगणारी मिडीची भाषा १९८३ची. एक सूर किती जोरात वाजला हे ती १ ते १२७ आकड्यांत सांगते. पियानोला हे चालतं, कारण पियानोत पट्टी दाबली की वाजवणाऱ्याचा हात संपला. तबल्यात हात तिथून सुरू होतो. बायावर (डाव्या हाताच्या डग्ग्यावर) मनगट पुढे सरकलं की घुमारा वर चढतो, तो चढ प्रत्येक 'गे'ला वेगळा. लायब्ररीवाले काय करतात, तर तयार मींड (सुराचा सरकता चढउतार) असलेले पाच-सहा 'गे' देतात आणि आळीपाळीने वाजवतात. तिसऱ्या आवर्तनात कानाला ओळख पटते. दुसरं, सूर. माझ्याकडे येणाऱ्या बायका काळी चार, काळी पाच या उंच पट्टीत गातात. लायब्ररीतला दायाँ (उजव्या हाताचा तबला) जर काळी एकचा असेल तर तो वर ओढावा लागतो, आणि ओढला की चाटीचा 'ना' लहान मुलांच्या खेळण्यासारखा वाजतो, कारण सूर वर जाताना लाकडाचा आणि कातड्याचा आवाजही सोबत वर जातो. खऱ्या तबलजीने दुसरा तबला काढला असता. गट्टे (सूर चढवायचे लाकडी ठोकळे) ठोकून काळी एकचा काळी पाच होत नसतो.

यंत्रातून आला म्हणून तो ताल खोटा, हे मात्र मला पटत नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर (हार्मोनियमवर) बंदी घातली तेव्हा आक्षेप हाच होता: ठरीव सूर, मींड नाही. आक्षेप खराच होता! १९७१नंतर बंदी ढिली होत गेली, आणि आज पेटीशिवाय आपल्याकडची मैफल उभी राहत नाही. राडेलची तालमाला, म्हणजे तबल्याचा ठेका देणारं यंत्र, घरोघरी आली तेव्हाही शिकणाऱ्यांचा रियाजच वाढला. लायब्ररी कशाची जागा घेते आणि कशाची नाही, हे ठरवायला कान लागतो. माझा कान एका भजनी मंडळाने उघडला, तो किस्सा सांगते.

हुडकेश्वरकडची मंडळी आली होती, तुकडोजी महाराजांची भजनं करणारी. त्यांचे खंजिरीवाले आजोबा तब्येतीमुळे पहिल्या दिवशी आले नाहीत. मी म्हटलं काही हरकत नाही, लायब्ररीत 'कंजिरा' आहे, लावून टाकते. लावला. दुसऱ्या दिवशी आजोबा आले, हेडफोन लावला, दोन ओळी ऐकल्या आणि काढून ठेवला.

"हे कायची खंजिरी होय वो बाई? हे त डबडं वाजून रायलं."

त्यांचं शंभर टक्के खरं. लायब्ररीतला कंजिरा दक्षिणेतला. त्याला परंपरेने घोरपडीचं कातडं, एकच खाच, त्यात धातूच्या छोट्या चकत्या, आणि वाजवण्याआधी कातड्याला पाणी लावून आवाज खाली आणतात. तुकडोजी महाराजांच्या मोझरीच्या भजनातली खंजिरी म्हणजे कडेभर झांजा, सगळा खुळखुळाट वर, आणि हाताची थाप त्या खुळखुळाटाच्या मध्ये. नाव तेवढं सारखं, घर वेगळं. मी घेतलेल्या चारही लायब्रऱ्यांत, स्वारप्लगसकट, आपली खंजिरी मला मिळाली नाही. बर्लिनमध्ये किंवा स्वित्झर्लंडमध्ये बसून बनवणाऱ्याने ती ऐकलीच नसेल, त्याच्यावर काय रागवायचं? आजोबांनी एका टेकमध्ये वाजवलं. मानधन द्यायला गेले तर घेतलं नाही, मंडळाच्या पेटीत टाकायला लावलं.

तेव्हापासून माझ्याकडे लायब्ररीचा तबला फक्त डमीला. गायकाला लय धरायला तो ठेवते, चाल पक्की झाली की वाजवणारा बोलावते. तो डमीवर हसतो, मग तोच डमी कानात घेऊन वाजवतो. यात पैसे जास्त जात नाहीत, कारण तबलजीचा अर्धा वेळ पूर्वी गायकाच्या चुका सुधारायची वाट पाहण्यात जायचा. आता तासाभरात दोन गाणी होतात आणि तो पुढच्या कामाला मोकळा.

तयार लूपची (पुन्हा पुन्हा वाजवायच्या तयार तुकड्याची) आणखी एक भानगड तुम्हाला माहीत नसेल. मी एका गाण्यात केरव्याचा तयार लूप जसाच्या तसा वापरला. परवाना रीतसर, पैसे भरलेले. यूट्यूबवर टाकल्यावर आठव्या दिवशी दावा आला की हे दुसऱ्याचं गाणं आहे. त्या दुसऱ्यानेही तोच लूप विकत घेतला होता आणि त्याच्या वितरकाने अख्खं गाणं कॉन्टेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या मालकी ओळखणाऱ्या यंत्रणेत, नोंदवून टाकलं होतं. सामाईक लूप तसे नोंदवायचे नसतात, हा यूट्यूबचाच नियम. तरी ते सोडवायला मला सहा आठवडे लागले, आणि गायक मला चोर समजत होता ते वेगळंच.

उरला कूलर. इथे मी हातच जोडते. एवढ्या मोठ्या लेखात खोलीबद्दल मी एकच ओळ लिहिली होती, आणि तीही 'शक्यतो शांत जागा निवडा' अशी. ज्या शहराने २०१३च्या मे महिन्यात ४७.९ अंश पाहिले, तिथल्या माणसाला हे सांगणं म्हणजे खरंच थट्टा. मोबाइलवरच्या अ‍ॅपने मोजलं, ते काही फार अचूक नसतं, पण अंदाज येतो: माझ्या खोलीत कूलर चालू असताना ५८, पहाटे बंद असताना ३४. माइकची स्वतःची खरखर ४ असो की १४, त्या ५८मध्ये कोणाला कळणार?

आणि कूलरचा त्रास नुसता आवाजाचा नाही. तो खोलीत ओल आणतो. तबल्याची पुडी (कातडं) सैल होऊन सूर उतरतो, तासाभरात पुन्हा गट्टे ठोका. कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलवर दमटपणा बसला की मध्येच तडतड होते. माझा माइक आता डब्यात सिलिका जेलसोबत झोपतो. उन्हाळ्यात रेकॉर्डिंग पहाटे साडेचार ते सात. खोली रात्रभर कूलरवर गार करायची, साडेतीनला बंद, खिडकी थोडी उघडी, पुडी जागेवर येऊ द्यायची. सातला दूधवाल्याचा हॉर्न वाजला की दुकान बंद.

काहींनी सुचवलं की शुअरचा एसएम-७बी घे, डायनॅमिक माइक खोली ऐकत नाही. हा गैरसमज आहे. तो तोंडाजवळ धरतात म्हणून खोली कमी ऐकू येते, बाकी त्याच्यात जादू नाही. उलट त्याला ६० डेसिबलच्या आसपास गेन लागतो आणि स्वस्त इंटरफेस तिथे फुसफुसायला लागतो. म्हणूनच तर कंपनीने २०२३ मध्ये प्रीअ‍ॅम्प पोटात घातलेला एसएम-७डीबी काढला.

भिंतींचं मात्र तुम्ही लिहिलं नाहीत, ते मी लिहिते. आपल्याकडच्या खोल्या दहा बाय दहा, वर छतही दहा फुटांवर. म्हणजे तिन्ही बाजूंनी तोच एक सूर घुमतो, साधारण ५६-५७ हर्ट्झ, आणि बाया नेमका त्या शेजारी बसतो. मी अंड्याचे ट्रे लावले होते. त्यांनी काही होत नाही, पाली तेवढ्या वाढल्या. आता आईच्या लग्नातल्या कापसाच्या दोन गाद्या कोपऱ्यांत उभ्या आहेत, भिंतीपासून चार बोटं पुढे. गळ्याच्या वरच्या भागातली गुणगुण त्यांनी गेली. बायाचा घुमारा गेला नाही, तो एवढ्या जाडीच्या कापसाला ऐकत नाही. त्यासाठी तबला खोलीच्या मधून दोन फूट सरकवला आणि जागा बदलत कानाने शोधला. पिंजाऱ्याने नवी गादी करून देताना विचारलं, ताई, उभी कशाला ठेवता? उत्तर देता आलं नाही.

तर भाऊ, लेख दुरुस्त केलाय. खोली सगळ्यात वर गेली, माइक तिसऱ्या नंबरवर आला, लायब्ररी शेवटी. ३२ बिटचा भाग 'घराबाहेर रेकॉर्डिंग' या मथळ्याखाली हलवला. तुमच्या बायावरच्या माइकबद्दल एक प्रश्न आहे: तुम्ही तो पायाच्या बाजूने, खालून तिरपा लावायचात असं लिहिलंत. माझ्या प्रयोगात तिथून नुसती हवा आली. अंतर किती ठेवायचात?

येत्या रविवारी पहाटे पाचला आजोबा पुन्हा येताहेत, एकटी खंजिरी वाजवायला, प्रत्येक थाप वेगवेगळी, हळू ते जोरात. आपली लायब्ररी आपणच करू म्हणतेय, आणि ती विकली गेली तर पैसे मंडळाच्या पेटीत. प्रतापनगरला या, पत्ता मेलवर देते. कूलर बंद असेल, दुपट्टा घेऊन या.