मुदत संपली म्हणजे नाव मोकळं झालं असं नाही

"मुदत संपलेलं डॉट कॉम नाव दुसऱ्या दिवशी कोणीही साध्या फीमध्ये घेऊ शकतो" हे वेबसाइटच्या नावांवरच्या (डोमेन) एका लेखातलं वाक्य चुकीचं आहे. नाव नोंदवणाऱ्या कंपनीने ते रद्द केल्यावरही 30 दिवस जुन्या मालकाला जास्तीचे पैसे भरून ते सोडवता येतं. मग 5 दिवस ते तसंच अडकून राहतं, तेव्हा कुठे मोकळं होतं. नाव जरा बरं असलं तर तिथवर पोचतही नाही, बऱ्याच नोंदणी कंपन्या त्याआधीच ते लिलावात काढतात.

आमच्या वरूडकडच्या एका संत्रा उत्पादक गटाचं तेच झालं. साइट बनवणाऱ्या पोराने नाव स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं. तो नोकरीला पुण्याला गेला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या इनबॉक्सात पडून. इकडे पेट्यांवर तोच पत्ता छापलेला! आता उघडलं की रमीच्या जाहिराती, अन् नवा मालक भाव सांगतो डॉलरमध्ये. तक्रारीसाठी 1999 पासून यूडीआरपी, म्हणजे अशा नावांचे वाद सोडवायची आंतरराष्ट्रीय पद्धत, आहे म्हणा, पण तिथे ट्रेडमार्कचा हक्क दाखवावा लागतो. तालुक्याच्या नावाला 'संत्रा' जोडलेल्या नावावर तो कुठून दाखवायचा?